शरीराची वेस : अभिस्तर ऊतींची रचना व प्रकार

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत धम्म, इतिहास आणि समाजकार्य या विषयांवरील लेख नेहमीच असतात. त्यांच्या जोडीला एखादा शास्त्रीय लेखही असावा, म्हणजे नववी ते बारावीत शिकणाऱ्या मुलामुलींना त्याचा उपयोग होईल, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतली. तेव्हा हा लेख म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नव्हे. मुलांची पाठ्यपुस्तके आणि काही जाणकारांचे ग्रंथ वाचून जे आम्हांला उमगले, ते सोप्या भाषेत सभासदांपुढे ठेवावे, एवढाच उद्देश आहे.

विषय आहे अभिस्तर ऊतींचा. नाव जड आहे, पण वस्तू अगदी ओळखीची आहे. आपली कातडी, तोंडाच्या आतले गुलाबी अस्तर, श्वासनळीचे अस्तर, आतड्याचे अस्तर, हे सारे अभिस्तर ऊतींचेच बनलेले आहे. जुन्या गावाला जशी वेस असे, तशी ही शरीराची वेस आहे. बाहेरचे काहीही आत यायचे किंवा आतले बाहेर जायचे, तर ते या वेशीतूनच. आणि हा विषय केवळ परीक्षेतील चार गुणांपुरता नाही. ही स्मरणिका ज्या घरांत जाईल, त्यांपैकी कितीतरी घरांत कोणी मिश्री लावणारे, कोणी तंबाखू मळणारे, कोणी गुटखा खाणारे असेल. त्यांच्या जिवाशी या विषयाचा थेट संबंध आहे. तो कसा, हे लेखाच्या उत्तरार्धात येईलच.

ऊती म्हणजे काय?

शरीर पेशींचे बनलेले आहे, हे आपण शाळेत शिकलो. पण पेशी विस्कळीतपणे राहत नाहीत. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशी एकत्र येतात, त्यांच्या समूहाला ऊती म्हणतात. फ्रान्समधील बिशा या वैद्याने १८०० च्या सुमारास ही कल्पना प्रथम नीट मांडली, आणि तीही सूक्ष्मदर्शकाच्या मदतीवाचून. आज आपण प्राण्यांच्या ऊतींचे चार मुख्य प्रकार मानतो : अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती आणि चेता ऊती. स्नायू हालचाल करतात, चेता ऊती निरोप पोचवतात, संयोजी ऊती सगळ्यांना जोडून व सावरून धरतात. अभिस्तर ऊती झाकतात, राखण करतात, शोषून घेतात आणि पाझरतात.

सर्व अभिस्तरांची समान लक्षणे

प्रकार पाहण्यापूर्वी सर्व अभिस्तरांना लागू पडणाऱ्या पाच गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, या पेशी एकमेकींना अगदी खेटून असतात. दोन पेशींमध्ये जवळजवळ मोकळी जागा नसते. त्यांना जोडणारे विशेष सांधे असतात. त्यामुळे पाणी, जंतू किंवा अन्नरस मधल्या फटीतून सहजासहजी घुसू शकत नाहीत.

दुसरी, पेशींची एक बाजू मोकळी असते. ती हवेकडे, अन्नाकडे, लघवीकडे किंवा रक्ताकडे तोंड करून असते. दुसरी बाजू खाली टेकलेली असते. म्हणजे वर-खाली हा भेद या ऊतीत पक्का असतो.

तिसरी, पेशी ज्यावर टेकतात ते एक अतिशय पातळ पटल असते. त्याला आधारपटल म्हणतात. घराच्या भिंतीला जसे जोते, तसे अभिस्तराला हे आधारपटल. त्याच्या खाली संयोजी ऊती असते. हे आधारपटल वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे. कर्करोगाच्या विवेचनात त्याचे महत्त्व कळेल.

चौथी, अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू व अन्न खालच्या संयोजी ऊतीतून झिरपत वर येते. कातडीवर वरवर ओरखडा उठला तर रक्त येत नाही, खोल गेला तरच येते, याचे कारण हेच.

या चौथ्या लक्षणाचा एक ऐतिहासिक दाखला आपल्या महाराष्ट्रातला आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभरानंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला कपाळाच्या कातडीपासून नवे नाक करून दिले. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात चित्रासह छापली गेली आणि तेथील शस्त्रवैद्यांनी त्यापासून धडा घेतला. या शस्त्रक्रियेतले मर्म असे, की कपाळावरची कातडी पूर्ण तोडायची नाही. दोन भुवयांमध्ये तिचा एक देठ शिल्लक ठेवायचा, ती फिरवून नाकाच्या जागी बसवायची, आणि नव्या जागी ती जिवंत धरली की मग देठ कापायचा. कारण वरचा अभिस्तर स्वतःच्या बळावर जगत नाही, खालून येणाऱ्या रक्तावर जगतो. त्या कारागिराने पुस्तक वाचले नसेल, पण हे तत्त्व त्याला हातांनी कळले होते. विद्या ही काही एका वर्णाची मिरास नव्हती, याचाही हा पुरावा आहे.

पाचवी गोष्ट म्हणजे नूतनीकरण. वेशीवरच्या पेशींना झीज फार. म्हणून त्या सतत मरतात आणि नव्या जन्मतात. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. लहान आतड्याचे अस्तर तर तीन ते पाच दिवसांत बदलते. आज जेवताना जे अस्तर होते, ते पुढच्या आठवड्याच्या बाजारापर्यंत उरलेले नसते.

वर्गीकरणाची किल्ली

विद्यार्थ्यांना या ऊतींची नावे पाठ करणे अवघड जाते. पण नावातच उत्तर असते. फक्त दोन प्रश्न विचारायचे. थर किती? एकच असेल तर ‘सरल’, अनेक असतील तर ‘स्तरित’. पेशीचा आकार कसा? फरशीसारखी चपटी असेल तर ‘पट्टकी’, ठोकळ्यासारखी असेल तर ‘घनाभरूप’, खांबासारखी उंच असेल तर ‘स्तंभीय’. स्तरित अभिस्तराचे नाव सर्वांत वरच्या थरातील पेशींच्या आकारावरून द्यायचे, हा नियम विसरू नये. या दोन उत्तरांची जोडी लावली, की नाव तयार होते. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल : जसे काम, तसा आकार.

सरल पट्टकी अभिस्तर. एकच थर आणि पेशी अगदी चपट्या. जेथे काही झिरपून लवकर पलीकडे जायचे असते, तेथे हा असतो. फुप्फुसातील वायुकोश याचे उत्तम उदाहरण. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. वायुकोशातली हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा काही ठिकाणी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. म्हणूनच प्राणवायू क्षणात रक्तात जातो. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तरही याच जातीचे, त्याला अंतःस्तर म्हणतात.

सरल घनाभरूप अभिस्तर. एक थर, ठोकळ्यासारख्या पेशी. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांचे अस्तर असे असते. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते दीड-दोन लिटर. उरलेले सारे पाणी आणि त्यातील साखर, क्षार या ठोकळ्यासारख्या पेशी परत रक्तात जमा करतात. बँकेतल्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर दिवसभरात १८० काढायचे आणि १७८ परत भरायचे, असा हा व्यवहार आहे. तोही रोज, सुट्टीवाचून.

सरल स्तंभीय अभिस्तर. एक थर, उंच पेशी. जठर आणि आतडी यांत हा आढळतो. पेशी उंच असल्याने तिच्यात पाचक रस तयार करण्याची आणि अन्नरस शोषण्याची यंत्रणा मावते. लहान आतड्यात हे अस्तर बोटांसारख्या असंख्य बारीक उंचवट्यांवर पसरलेले असते, आणि प्रत्येक पेशीच्या माथ्यावर आणखी सूक्ष्म उंचवटे असतात. त्यामुळे आतड्याचे आतले क्षेत्रफळ सुमारे तीस चौरस मीटर होते. या पेशींच्या मध्येमध्ये सुरईच्या आकाराच्या पेशी असतात. त्या बुळबुळीत श्लेष्मा सोडून अस्तराचे रक्षण करतात.

रोमक अभिस्तर. स्तंभीय पेशींच्या माथ्यावर केसांसारखी हलणारी रोमके असली, की त्यास रोमक अभिस्तर म्हणतात. श्वासनळीत हा असतो. तेथे सर्व पेशी आधारपटलावर टेकलेल्या असतात, पण त्यांची उंची कमी-जास्त असल्याने अनेक थर असल्याचा भास होतो. म्हणून त्याला ‘आभासी स्तरित’ असेही म्हणतात. श्लेष्म्यात धूळ अडकते आणि रोमके सेकंदाला दहा-वीस वेळा फटके मारून तो श्लेष्मा घशाकडे ढकलतात. इचलकरंजीच्या मागावर उडणारा कापसाचा भुस्सा, शिरोलीच्या ओतकाम कारखान्यातील वाळूची धूळ, चुलीचा धूर, या साऱ्याशी ही रोमके अहोरात्र झुंजत असतात. अतिसूक्ष्म धूळ मात्र त्यांनाही चुकवून खाली फुप्फुसात उतरते. म्हणून तोंडावर पट्टी बांधणे हा कामगाराचा नाजूकपणा नाही, ती गरज आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची रोमके मंद होतात, पुढे नाहीशी होतात, आणि मग धूळ वर ढकलण्याचे काम खोकल्याला करावे लागते. सकाळी उठल्याबरोबर येणारी विडीवाल्याची ढास ती हीच.

स्तरित पट्टकी अभिस्तर. अनेक थर, वरचा थर चपट्या पेशींचा. जेथे घासपूस होते तेथे हा असतो. याचे दोन उपप्रकार आहेत. तोंड, अन्ननलिका व योनिमार्ग येथे तो ओला आणि मऊ असतो. कातडीवर तो कोरडा असतो आणि त्याच्या वरच्या पेशी मरून शिंगासारख्या टणक झालेल्या असतात. तळाच्या थरात पेशींची वाढ होते, नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात, वर जाता जाता त्या चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. पापणीवर हा थर जेमतेम ०.०५ मिलिमीटर असतो, तर तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत जाडी भरते.

संक्रमणी अभिस्तर. मूत्राशयात असतो. मूत्राशय रिकामा असताना पेशी फुगीर दिसतात व थर जास्त वाटतात. तो भरला की त्याच पेशी ताणून चपट्या होतात. ताण सोसूनही गळती होऊ न देणे हे याचे वैशिष्ट्य.

ग्रंथिल अभिस्तर. अस्तरातल्या काही पेशी खाली उतरून खळगे करतात आणि रस पाझरू लागतात, त्या ग्रंथी होत. घाम, लाळ, दूध हे सारे अशा अभिस्तर पेशींचेच काम आहे.

कोल्हापुरी चपलेतील धडा

कातडी म्हणजे केवळ अभिस्तर नव्हे, हे समजून घ्यायचे तर आपल्या कोल्हापुरी चपलेकडे पाहावे. कातडीचे दोन मजले असतात. वरचा मजला अभिस्तराचा. खालचा मजला चिवट तंतूंनी विणलेल्या संयोजी ऊतीचा. चामडे कमावताना कातडे चुन्यात भिजत घालतात. त्याने केस आणि वरचा अभिस्तर सैल होतो, मग तो खरवडून काढतात. आतल्या बाजूचे मांसही काढतात. उरतो तो फक्त मधला तंतुमय मजला. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात तो मुरला, की चामडे होते. म्हणजे आपण पायात घालतो त्या चपलेत अभिस्तर मुळीच नसतो. चामडे कमावणारे ढोर-कक्कय्या समाजाचे कारागीर आणि चपला बांधणारे चर्मकार बांधव यांनी हे दोन मजले हातांनी वेगळे केले, तेही प्रयोगशाळेत ते काचेखाली दिसण्यापूर्वी कितीतरी आधी. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन लाभले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या जिल्ह्यांचा समावेश आहे. या कारागिरीला हीन लेखणाऱ्यांनी त्यामागचे शास्त्रही कधी पाहिले नाही.

अंगठा का उठत नाही?

बँकेत आता आधारशी जोडलेल्या यंत्रावर अंगठा ठेवून पैसे काढता येतात. पण पुष्कळदा वृद्ध माणसांचा, गवंडीकाम करणाऱ्यांचा, ऊसतोडणी करणाऱ्यांचा, धुणी-भांडी करणाऱ्या बायकांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. काउंटरपुढे उभ्या असलेल्या म्हातारीला वाटते, आपलेच काही चुकले. तिचे काहीच चुकलेले नसते. बोटांवरच्या रेषा म्हणजे कातडीच्या अभिस्तराचे उंचवटे. त्यांचा नमुना खालच्या संयोजी ऊतीच्या उंचसखलपणावर बसलेला असतो आणि तो आईच्या पोटातच, साधारण सहाव्या महिन्यापर्यंत कायम होतो. सिमेंट, चुना, सोडा, दोर यांनी वरचे उंचवटे झिजतात. पण खालचा नमुना शाबूत असतो. हाताला काही आठवडे विश्रांती मिळाली, तर तळाच्या पेशी पुन्हा त्याच रेषा वर आणतात. खोल भाजले किंवा कापले, तरच नमुना बिघडतो. वयोमानाने कातडी सुकते व रेषा पुसट होतात, हेही खरे. अशा वेळी हात स्वच्छ धुऊन किंचित ओलसर ठेवावेत, दुसरे बोट लावून पाहावे, आणि डोळ्याच्या वा चेहऱ्याच्या ओळखीची सोय असेल तर ती मागावी. रेषा झिजणे ही कष्टाची खूण आहे, लबाडीची नव्हे. हे काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी समजून घेतले पाहिजे.

रंग आणि स्पर्श

कातडीच्या अभिस्तरात, अगदी तळाच्या थरात, रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचा रंग करतात यात. म्हणजे ज्या रंगावरून जगात एवढे अन्याय झाले, तो सारा फरक एका मिलिमीटरहून कितीतरी पातळ थरात सामावलेला आहे.

स्पर्शाचेही तसेच. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. एक माणूस दुसऱ्याला शिवतो तेव्हा खरे म्हणजे एकाच्या मृत पेशी दुसऱ्याच्या मृत पेशींना टेकतात. काही वेळाने त्या गळूनही पडतात. यात बाटण्यासारखे काय आहे? आपल्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन राजर्षी शाहू महाराजांनी चहा घेतला, तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शक लावला नव्हता. पण जे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, तेच त्यांनी भर रस्त्यावर दाखवून दिले.

येथे एका योगायोगाचा उल्लेख करावासा वाटतो. प्रव्रज्या घेणाऱ्या श्रामणेराला सुरुवातीलाच शरीराच्या पाच भागांवर चिंतन करण्यास शिकवतात : केस, लोम, नखे, दात आणि त्वचा. आजच्या शास्त्राप्रमाणे केस, लोम व नखे ही अभिस्तरापासूनच उगवतात, दातावरचे कठीण कवच अभिस्तराच्या पेशीच तयार करतात, आणि त्वचेचा दिसणारा भाग तर अभिस्तरच आहे. माणूस म्हणून जे आपल्याला वरवर दिसते, ज्यावर आपण भुलतो किंवा ज्याचा तिरस्कार करतो, ते जवळजवळ सर्व या एका ऊतीचे आहे, आणि ते दर घडीला बदलते आहे.

वेशीवर धोका

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सतत झीज, सतत नवी वाढ आणि बाहेरच्या विषांशी रोजची गाठ, या तीन कारणांनी अभिस्तरात कर्करोग होण्याची शक्यता इतर ऊतींपेक्षा जास्त असते. मोठ्या माणसांना होणारे बहुसंख्य कर्करोग अभिस्तरात सुरू होतात. अस्तराला रोज डिवचले, तर ते आधी आपले रूप बदलते. विडी ओढणाऱ्याच्या श्वासनळीत रोमक अभिस्तराच्या जागी पट्टकी अभिस्तर येऊ लागतो. पुढे काही पेशी शिस्त सोडून वाढू लागतात. जोवर त्या आधारपटलाच्या वर आहेत, तोवर रोग स्थानिक असतो आणि बरा करणे सोपे असते. त्यांनी आधारपटल फोडले, की त्या खालच्या रक्तवाहिन्यांत व रसवाहिन्यांत शिरतात आणि शरीरभर पसरू शकतात. मघाशी आधारपटल लक्षात ठेवा म्हटले, ते यासाठी.

आपल्या भागात पहिला धोका तोंडाचा. निपाणीचा तंबाखूचा बाजार आपल्या शेजारी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून मिश्री करतात आणि बायका ती दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांवर धरून ठेवतात. पुष्कळ घरांत ते व्यसन मानलेच जात नाही, ते ‘दात घासणे’ असते. पण तोंडाचा अभिस्तर ओला व मऊ, त्याला कातडीसारखे टणक कवच नाही. तंबाखूचे विष त्यात सहज मुरते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. म्हणजे ही गोष्ट आपल्या वैद्यांनी स्वातंत्र्यापूर्वीच अभ्यासली होती. सुपारीही निर्दोष नाही. तिने अस्तराखालची संयोजी ऊती घट्ट होत जाते, वरचा अभिस्तर पातळ होतो आणि तोंड उघडेनासे होते. गुटखा खाणाऱ्या तरुण मुलांत हे दिसते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण बंदी कागदावर राहून चालत नाही, ती घराच्या उंबऱ्यावर यावी लागते.

दुसरा धोका स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाचा. तेथे बाहेरचा स्तरित पट्टकी अभिस्तर आणि आतला स्तंभीय अभिस्तर एकमेकांना भेटतात. ही सीमारेषा वयाप्रमाणे सरकत असते, आणि कर्करोग बहुधा तिच्या आसपासच सुरू होतो. त्याचे कारण एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे जातात. म्हणजे सापडण्यास भरपूर अवधी असतो. आपल्याच राज्यातील उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी करून पुढील उपचार झाले, तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी नसलेल्या गावांच्या मानाने जवळपास निम्मे झाले. एका तपासणीने! विषाणूवर लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. ती ९ ते १४ वर्षांच्या वयात देणे सर्वांत उपयुक्त.

आपण काय करावे?

अभिस्तर हा पृष्ठभागावर असतो, हीच त्यातली जमेची बाजू आहे. यकृताचे दुखणे आपल्याला दिसत नाही, तोंडाचे दिसते. महिन्यातून एकदा आरशापुढे, चांगल्या उजेडात, तोंड धुऊन पाहावे. ओठ उलटून, दोन्ही गाल ताणून, जीभ वर व दोन्ही बाजूंना करून पाहावी. पुढीलपैकी काही आढळल्यास दंतवैद्य किंवा डॉक्टर गाठावा :

१. पुसून न जाणारा पांढरा डाग. लाल डाग तर अधिक गंभीर समजावा.
२. दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम. ती दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नये. सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही.
३. तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावत नसतील, किंवा तिखट खाल्ल्यावर आग होत असेल.
४. गाठ, विनाकारण रक्त येणे, किंवा गिळताना अडचण.

तीस वर्षांवरील भगिनींनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. लाजेपायी ती टाळू नये. पाळीव्यतिरिक्त रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, या खुणा तर मुळीच लपवू नयेत. सरकारी रुग्णालयात, आपल्याकडे सीपीआरमध्ये, तोंड दाखवायला किंवा तपासणीविषयी विचारायला मोठा खर्च येत नाही. उशीर मात्र फार महाग पडतो.

विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. हा लेख वाचून झाल्यावर परीक्षेसाठी नावे पाठ कराच. पण त्याच दिवशी घरातील आजी, आई, मामा, काका यांपैकी जे कोणी तंबाखू वा मिश्री वापरतात, त्यांना उजेडात बसवून त्यांचे तोंड पाहा. आजीला ‘स्तरित पट्टकी अभिस्तर’ हे शब्द सांगण्याची गरज नाही. ‘आजी, जरा आ करा’ एवढे पुरे. नवव्या इयत्तेत शिकलेले शास्त्र घरातल्या एका माणसाच्या उपयोगी पडले, तर आपल्या शिक्षणाचे चीज झाले असे आम्ही समजू.